पृथ्वी हाताला कशी लागते?

चार वर्षांच्या मुलाला विचारा, "पृथ्वी कशी आहे?" उत्तर तयार असतं: "गोल!" मग विचारा, "आपण नाकासमोर चालत राहिलो, खूप खूप दिवस, तर कुठे पोचू?" आता मूल विचारात पडतं. कुणी म्हणतं पुण्याला, कुणी म्हणतं आजीच्या गावाला, आणि एखादं अगदी खात्रीनं सांगतं की शेवटी कडा येणार आणि आपण धपकन खाली पडणार.

स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना असेच प्रश्न विचारून त्यांच्या मनातली पृथ्वी शोधली होती. तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. "गोल" म्हणणाऱ्या काही मुलांच्या मनात ती गोल पण सपाट चकती होती. काहींच्या मनात पोकळ गोळा होता आणि माणसं त्याच्या आत, सपाट जमिनीवर उभी होती. काहींनी तर दोन पृथ्व्या मानल्या होत्या, एक आकाशातली गोल आणि एक आपल्या पायाखालची सपाट. १९९६ साली हैदराबादच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास आला, त्यात पाण्यावर टेकलेली पृथ्वीही सापडली. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी अशा कामाला येतात. डोळ्यांना जमीन सपाट दिसते, मोठी माणसं गोल म्हणतात. मूल दोघांनाही खोटं पाडत नाही, जमेल तसा मेळ घालतं. मला हे फार हुशारीचं वाटतं.

मी साताऱ्यात तीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर काम करते आणि माझं मत पक्कं आहे की या वयात पृथ्वी आधी हाताला लागायला हवी. ओली, कोरडी, जड, चिकट, खरखरीत, वाहणारी. गोल असल्याचं सावकाश कळलं तरी चालतं. त्यासाठी मुलांना चिखलात बसवावं लागतं, आणि त्या चिखलामागचं विज्ञान शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला ठाऊक असावं लागतं, कारण हात भरले की प्रश्न सुरू होतात. म्हणून हे अंगणवाडीच्या ताईंसाठी, बालवाडीच्या बाईंसाठी, आई-बाबांसाठी आणि दुपारी नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी लिहिते आहे.

हातच का, तर बोटांच्या टोकांशी स्पर्श टिपणाऱ्या चेतातंतूंची दाटी असते आणि मेंदूतही हाताच्या स्पर्शासाठी पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा राखलेली असते. "पृथ्वीवर ७१ टक्के पाणी आहे" हे वाक्य तीन वर्षांच्या मुलासाठी नुसता आवाज आहे. पण दोन्ही तळव्यांत धरलेला गोळा फिरवताना सगळीकडे ओलं निळं लागतं आणि कोरडी माती मध्येच कुठेतरी लागते, हे त्याला समजतं.

यात परदेशी असं काही नाही. बेंदराला आपल्याकडे मातीचे बैल घडतात. दिवाळीत साताऱ्याच्या पेठापेठांत किल्ले उभे राहतात, त्यांवर हळीव पेरले जातात, खंदकात पाणी सोडलं की ते कुठे मुरतं आणि कुठे तट ढासळवतं ते मुलं उकिडवी बसून बघतात. तो भूगोलाचा पहिला तासच असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षण उभं केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे अशी आसपासची साधनं हाताशी घेतली. आजची अंगणवाडी त्याच वाटेनं आली आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

आता कामाला लागू. लागणारं सामान साधं आहे: शाडूची माती, काळी माती, तांबडी माती, चार पराती, एक घमेलं, बादली, दोरा आणि जुने कपडे. रंगांसाठी हळद, बिटाचा रस, पालकाचा रस. निळ्यासाठी गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकावीत, पाणी निळंशार होतं. ते मैद्याच्या गार केलेल्या खळीत मिसळलं की बोटांनी फासता येतो असा निळा रंग तयार. रंगपंचमीचे रंग आणि कपड्यांची नीळ नको, कारण या वयाची बोटं केव्हा तोंडात जातील सांगता येत नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिस तर मुळीच नको. ते घट्ट होताना तापतं आणि त्यात हात अडकला तर भाजतो. माती चाळून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावी. मुलांची नखं कापलेली असावीत आणि काम झालं की साबणानं हात धुवावेत.

पहिलं काम गोळ्याचं. इथे मी एक माप धरते: १ मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. सातारा ते पुणे जेमतेम एक मिलिमीटर. या मापानं पृथ्वी पावणेतेरा सेंटिमीटर रुंदीची होते, चार मुलांच्या आठ हातांना पुरेल एवढी. अगदी मध्ये बिटानं लाल केलेल्या शाडूची गोळी, साधारण अडीच सेंटिमीटरची. तिच्यावर हळदीच्या पिवळ्या शाडूचा थर, की गोळा सात सेंटिमीटरचा होतो. त्यावर काळ्या मातीचा जवळजवळ तीन सेंटिमीटरचा जाड थर, आणि मग माप पुरं होतं. मुलांना मापाशी देणंघेणं नसतं. ती थापतात, दाबतात, एकमेकांच्या हातांवर हात ठेवतात. थर सारखे येत नाहीत आणि ते येऊ नयेतच. पट्टी घेऊन मोठ्यानं मदत करावी, पण गोळा हातातून काढून घेऊ नये.

मग दोऱ्यानं तो गोळा मधोमध कापायचा, कुंभार चाकावरचं मडकं कापतो तसा. दोरा काळ्या मातीत शिरतो, थोडा अडतो, ताई दोन्ही टोकं ओढतात आणि दोन अर्धुकं परातीत पडतात. आत पिवळं कडं, त्याच्या आत लाल टिकली. कुणीतरी ओरडतंच, "आत सूर्य हाय!" बोटं आपोआप मध्यावर जातात.

मोठ्यांनी आता या थरांची ओळख करून घ्यावी. मधली लाल टिकली म्हणजे अंतर्गाभा. लोखंड आणि थोडं निकेल, तापमान पाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, तरीही घट्ट, कारण वरून येणारा दाब प्रचंड आहे. गाभ्याच्या आत असा वेगळा अंतर्गाभा आहे हे १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी भूकंपाच्या लाटांवरून ओळखलं, तो घट्ट असल्याचं नंतर पक्कं झालं. पिवळं कडं म्हणजे बाह्यगाभा. तिथेही लोखंडच, पण वितळलेलं. ते घुसळत राहतं आणि त्यातूनच पृथ्वीला चुंबकत्व मिळतं, म्हणून होकायंत्राची सुई उत्तर दाखवते. काळा जाड थर म्हणजे प्रावरण, सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचं. आणि सर्वांत वर भूकवच. आपल्या मापात ते जमिनीखाली साधारण एक तृतीयांश मिलिमीटर आणि समुद्राखाली तर एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी येतं. म्हणून त्याचा वेगळा थर करताच येत नाही. गोळ्यावरून ओला हात फिरवला की जी चकाकी येते ती भूकवच समजायची.

आत कुणी गेलं नसताना हे कळलं कसं? भूकंपामुळे. भूकंपाच्या काही लाटा द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कुठे पोचतात आणि कुठे नाही, हे मोजून आत काय घट्ट आणि काय पातळ ते ठरवता आलं. आपल्या जिल्ह्याला भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पाटण भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट विसरता येत नाही. तिथल्या भूकंपांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ संपल्यावर खाली वेगळाच, त्याहून फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. आपल्या गोळ्यावर ते तीन किलोमीटर म्हणजे मिलिमीटरचे तीन शतांश. रशियात कोला द्वीपकल्पावर माणसानं १२,२६२ मीटरपर्यंत खोदलं आहे, तेही या गोळ्यावर सुईच्या टोकाचा ओरखडा ठरतं.

प्रावरणाबद्दल एक गैरसमज शिकलेल्या माणसांतही असतो. ते वितळलेल्या लाव्हाचं आहे असं अनेकांना वाटतं. प्रावरण जवळजवळ सगळं घट्ट खडकाचं आहे. पण लाखो वर्षांच्या हिशेबात तोच खडक वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या सावकाश. घट्ट असून वाहणं हे मोठ्यांनाही पटत नाही, म्हणून त्यासाठी दुसरी परात. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये एक वाटी पाणी घालून कालवायचं. मुलांना सांगायचं, "बुक्की मारा." बुक्की मारली की ते दगडासारखं लागतं, हात आत जात नाही. "आता हळूच बोट ठेवा." बोट बुडतं. मूठभर उचलून दाबलं तर गोळा होतो, मूठ सैल सोडली की बोटांतून ओघळतो. मुलं यात तासभर रमतात आणि रमू द्यावीत. कॉर्नफ्लोअरच्या वाहण्याचं कारण वेगळं आहे आणि खडकाचं वेगळं. पण घाईनं धक्का दिला तर घट्ट, सावकाश ढकललं तर वाहणारं, हा अनुभव दोन्हीकडे खरा आहे. भूकंपाची लाट प्रावरणातून घट्ट खडकातून जावी तशी जाते, आणि त्याच प्रावरणाच्या संथ हालचालीबरोबर खंड सरकत राहतात.

पायाखालची माती कुठून आली, हे सातारा-सांगलीच्या मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो गाभ्यातून आलेला नव्हता, प्रावरणाच्या वरच्या भागात वितळून वर आला होता. एकावर एक लोट पसरत गेले, थंड होत गेले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा काळा कातळ पसरलेला आहे. पसरणी घाट चढताना किंवा अजिंक्यताऱ्याकडे बघताना डोंगरावर आडवे पट्टे दिसतात, घड्या घालून एकावर एक रचलेल्या गोधड्यांसारखे. प्रत्येक पट्टा हा लाव्हाचा एकेक लोट आहे. तो कातळ ऊन-पावसानं झिजून कृष्णाकाठची काळी माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. डोंगरमाथ्यावर मात्र पावसानं खडकातले बरेच घटक धुऊन नेले आणि लोह मागे राहिलं. गंजलेल्या लोहाची ती तांबडी माती आणि जांभा. पाचगणीचं टेबललँड जांभ्याचं, कासचं पठारही जांभ्याचं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेलं कास म्हणजे कातळावर जेमतेम बोटभर मातीत फुललेली बाग आहे. तिथल्या सीतेच्या आसवांना मातीतून पोषण पुरत नाही, म्हणून ती चिमुकली झाडं बारीक जीव पकडून खातात. मुलांना ही गोष्ट भलतीच आवडते.

तिसऱ्या परातीत दोन्ही माती ओल्या करून ठेवायच्या, अर्ध्यात काळी, अर्ध्यात तांबडी. काळी लोण्यासारखी बोटांना चिकटते आणि सुटत नाही, तांबडी रवाळ लागते आणि झटकली की पडते. डोळे मिटून कुठली कुठली ते ओळखायचं. शेतकऱ्यांच्या घरातली मुलं हे लगेच सांगतात, आणि त्या दिवशी वर्गात त्यांचा शब्द चालतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता पाणी. घमेल्यात ओल्या मातीचा डोंगर करायचा, माथ्यावर तांबडी माती, पायथ्याला काळी. एका मुलानं तांब्यातून माथ्यावर बारीक धार धरायची. आधी पाणी मुरतं, मग वाट शोधतं, घळ पाडतं, ती रुंदावते, आणि तांबडं पाणी तळाशी येऊन साचतं. "किस्नामाई गढूळ झाली" हे जुलैमधलं वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. आणि ते खरंच आहे. महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णा आणि कराडला कोयना घेते, सांगलीकडे जाते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत सह्याद्रीची माती वाहून नेते. त्याच डोंगराच्या पश्चिमेकडून फवारणीच्या बाटलीनं पाणी उडवलं तर पश्चिमेची बाजू भिजते आणि पूर्वेची कोरडी राहते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. खरं कारण बाटलीतल्या फवाऱ्याहून वेगळं आहे. समुद्रावरून आलेली ओली हवा घाट चढताना थंड होते, पाणी तिथेच सोडते आणि पलीकडे उतरताना कोरडी, गरम होते. मुलांना एवढं पुरे की डोंगर पाऊस अडवतो.

गोळ्याची दोन अर्धुकं पुन्हा जोडून त्याला निळा रंग फासायचा. सरासरी समुद्र ३.७ किलोमीटर खोल आहे, म्हणजे आपल्या गोळ्यावर अर्ध्या दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ. रंग वाळल्यावर जो पापुद्रा उरतो तेवढाच समुद्र. एव्हरेस्टसुद्धा एक दशांश मिलिमीटरच्या आत बसतं. म्हणजे हिमालयासाठी टेंगूळ करायची गरज नाही, बोटांना जो बारीक खरखरीतपणा लागतो तोच हिमालय. पृथ्वीवरचं सगळं पाणी गोळा केलं तर त्याचा गोळा १,३८५ किलोमीटर रुंदीचा होईल. निळ्या शाडूची चौदा मिलिमीटरची गोळी करून पृथ्वीशेजारी ठेवा. एवढंच पाणी! मोठी माणसं हे बघून गप्प होतात. आणि तेही बहुतेक खारट. पृथ्वीचं सगळं पाणी २० लिटरच्या बादलीत बसवलं तर गोडं अर्धा लिटर निघेल, त्यातलंही बरंचसं बर्फात आणि जमिनीखाली. नद्या-तलावांच्या वाट्याला येतं चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. पाच वर्षांच्या मुलांना बादली आणि चमचा शेजारी ठेवून दाखवावं, तीन वर्षांच्यांना दाखवू नये. त्यांना फक्त ओतू द्यावं.

निळ्यावर माती लावून जमीन करायची. भारत उत्तर-दक्षिण सुमारे ३,२०० किलोमीटर, म्हणजे गोळ्यावर तीन सेंटिमीटरच्या थोडं वर. मोठ्या माणसानं अंगठ्याचा ठसा उमटवला की झाला भारत. त्याच्या वरच्या अंगाला पालकाच्या रसाचं बोट लावायचं की जंगल. नकाशा बरोबर येण्याचा हट्ट नको. माझ्या समोरच्या गोळ्यांवर आफ्रिका कधी पाण्यात बुडते, कधी दोन होतात.

"खालची माणसं पडत नाहीत का?" हा प्रश्न पाचव्या वर्षी येतोच. तेव्हा गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या गोळ्यात चारी बाजूंनी टोचायच्या. प्रत्येक काडीचे पाय गोळ्याच्या मध्याकडे, डोकं बाहेर. "खाली" म्हणजे परातीकडे नाही, लाल टिकलीकडे, असं बोटानं दाखवायचं. लगेच पटेल असं नाही, पण गोळा फिरवताना मूल स्वतःच प्रत्येक काडीला विचारू लागतं, "तुझं खाली कुठंय?"

काही मुलांना चिकट स्पर्श सोसत नाही. ती हात मागे घेतात, रडवेली होतात. त्यांना चमचा द्यावा, ओलं फडकं शेजारी ठेवावं, कोरड्या मातीपासून सुरुवात करू द्यावी. जबरदस्तीनं चिखलात हात बुडवला तर ते मूल पुढे कित्येक दिवस जवळ येत नाही. आणि अन्नाशी खेळणं ज्या घरात पटत नाही तिथे कॉर्नफ्लोअरऐवजी नुसत्या पातळ शाडूवर भागतं, फक्त बुक्कीची गंमत जाते.

कपड्यांवरच्या हळदीला घाबरू नये. साबण लागला की डाग लाल होतो, पण कपडा उन्हात वाळत घातला की तो विरतो. पसाऱ्याचं पाणी मोरीत ओतू नये, पाइप तुंबतो. ते सगळं एका बादलीत जमवून रात्रभर ठेवावं. सकाळपर्यंत वाळू तळाशी, तिच्यावर बारीक गाळ आणि वर गढूळ पाणी असे थर बसतात. पारदर्शक बरणी असेल तर त्यातच ओतावं, म्हणजे मुलांना बाजूनं ते थर बघता येतात. नदीही पूर ओसरताना गाळाचे थर असेच मागे ठेवते. वरचं पाणी जास्वंदीला घालावं, गाळ कागदावर पसरून उन्हात वाळवावा आणि चाळून पुढच्या वेळेसाठी डब्यात भरून ठेवावा.